चिटोऱ्यातलं ‘नाही’

आमच्या धंद्यात दुसऱ्याचं लिहिलेलं उचललं तर त्याला चोरी म्हणत नाहीत, संदर्भ घेतला असं म्हणतात. मी खामगावात बसून बरीच वर्षं प्रोग्रामर म्हणून काम केलं आणि अजूनही करते. त्यातला निम्मा वेळ मी असे संदर्भ घेण्यात घालवला आणि उरलेला निम्मा माझ्याकडचे संदर्भ लोकांना देण्यात. मग स्वतःचं म्हणावं असं काय लिहिलं, असं कुणी विचारलं की मी चहा टाकायला उठते.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सिनेमातला प्रोग्रामर गडद चष्मा लावून खडाखड टाइप करत सुटतो आणि पडद्यावर हिरवी अक्षरं धो धो वाहत असतात. माझ्या पडद्यावर दोन खिडक्या असतात. एकीत मला करायचं काम आणि दुसरीत कुणीतरी आधीच करून ठेवलेलं तेच काम. तारीख उलटी कशी लिहायची, मराठी नावं अकारविल्हे कशी लावायची, रकमेचे आकडे अक्षरात कसे आणायचे, या गोष्टी जगात कुणी ना कुणी एकदा डोकं फोडून घेऊन सोडवलेल्या असतात. तो माणूस भला असेल तर तेवढा तुकडा इंटरनेटवर ठेवतो आणि खाली दोन ओळींची टीप लिहितो. बाकीचे येतात, तुकडा उचलतात, आपल्या कामात चिकटवतात आणि ऑफिसात सांगतात की फार किचकट होतं, पण जमवलं.

अशा तुकड्यांना मी चिटोरी म्हणते. माझ्या साइटचं नावही तेच, ‘मंदाची चिटोरी’. नाव मंदाकिनी, पण पूर्ण नाव घेण्याइतका आदर मला घरात कुणी दिला नाही. ‘नावातच मंद आहे, तिच्याकडून काय शिकायचं’ हा विनोद माझ्यासमोर इतक्यांनी इतक्यांदा केलाय की आता कुणी सुरुवात केली की शेवट मीच करून टाकते.

सुरुवातीला चिटोऱ्यांखालच्या टिपा मी वऱ्हाडीत लिहायची. मुद्दाम काही ठरवलं नव्हतं. कोड अडला की मनात जे येतं तेच खाली उतरायचं. ‘हे काऊन चालून नाही राह्यलं ते पाहा आधी, मंग मले शिव्या द्या’ अशी सुरुवात असायची. आमच्या जिल्ह्यातली आणि शेजारची पोरं-पोरी, जे कुठे शाळेत, कुठे कापसाच्या जिनिंगमध्ये, कुठे दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळत होते, त्यांना ते वाचायला बरं वाटायचं. इंग्रजीतली मदत वाचताना त्यांना आपण परीक्षेला बसलोय असं वाटे. इथे त्यांना शेजारची मावशी ओरडतेय असं वाटे, आणि ओरडणाऱ्या मावशीची भीती कुणालाच नसते.

फोनही यायचे. मेहकरकडच्या, हिवरा आश्रमाजवळच्या एका गावातल्या गृहस्थांचा फोन तर ठरलेला.

“मॅडम, तुमचा कोड चालून नाही राह्यला.”

“एरर काय येतो?”

“येते काहीतरी लाल लाल.”

“त्यात लिहिलेलं काय असतं?”

“ते वाचलं नाही बा. लाल दिसलं की मी बंद करतो.”

मी म्हटलं फोटो पाठवा. त्यांनी मोबाइलनं पडद्याचा फोटो काढून पाठवला. तिरपा, ट्यूबलाइटच्या चमकीसह, आणि ज्या ओळीवर गडबड होती तिच्यावर त्यांचा अंगठा. अखेर असं निघालं की माझं चिटोरं त्यांना मोबाइलवरच्या कुठल्या तरी ग्रुपातून मिळालं होतं. तिथे शब्दाच्या दोन बाजूंना चांदण्या आल्या की अक्षर ठळक होतं आणि चांदण्या गायब होतात. प्रोग्राममध्ये चांदणी म्हणजे गुणाकार. म्हणजे माझे सगळे गुणाकार वाटेत कुणीतरी खाऊन टाकले होते आणि उरलेली अक्षरं तेवढी जाड होऊन पोचली होती. मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, “मंग जाड आहे म्हन्जे चांगलं आसन असं वाटलं मले.”

दुसरा प्रकार सासूबाईंचा. चिटोऱ्यात नमुना म्हणून एखादं नाव घालावं लागतं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की इथे आपलं नाव टाकायचंय. मी सासूबाईंचं टाकायची, गोदावरी. लिहायला सोपं, आणि त्याही खूश. एका टायपिंग क्लासवाल्याने प्रमाणपत्रं छापायचं चिटोरं जसंच्या तसं उचललं आणि त्या तुकडीच्या झाडून सगळ्या मुलांच्या आईचं नाव गोदावरी छापून आलं. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या सुपातली ज्वारी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “येवढी लेकरं मले कधी झाली व? आन् एकबी भेटाले येत नाही.”

या दोन प्रकारांतून मी शहाणी झाले, म्हणजे तसं मला वाटलं. माझ्या लक्षात आलं की लोक चिटोरं नेतात, टीप नेत नाहीत. टीप राहते माझ्याच पानावर. म्हणून मी धोक्याच्या सूचना थेट कोडच्या आत घालायला लागले. प्रोग्राममध्ये एका ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारल्या की ती ओळ यंत्र सोडून देतं. ती फक्त माणसानं वाचायची असते. म्हटलं, आता उचलणाऱ्याबरोबर सूचनाही त्याच्या घरी जाईल. या युक्तीवर मी इतकी खूश होते की तीवरही एक चिटोरं लिहिलं.

त्याच सुमारास मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायला लागले होते. एका ऑनलाइन बैठकीत तिथल्या टीमच्या प्रमुखबाईंनी माझी साइट सगळ्यांना दाखवली आणि एक टीप मोठ्यानं वाचली. ‘काऊन चालून नाही राह्यलं’ला सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. “किती गोड!” असं त्या म्हणाल्या. मला कुणी मूर्ख म्हटलेलं चालतं, त्याची सवय आहे. पण गोड? पंधरा-वीस भाषांत प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईला गोड? मी त्या दिवाळीत फराळ बाजूला ठेवून सगळी चिटोरी शुद्ध मराठीत लिहून काढली. ‘नका करू’चं ‘करू नये’ केलं, ‘वापराले’चं ‘वापरण्यासाठी’ केलं. वाचून पाहिलं तर आता ते तहसील कार्यालयातल्या भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसत होतं. मला फार समाधान वाटलं.

याच शुद्धीकरणाच्या भरात मी ते ‘ळ’चं चिटोरं लिहिलं.

आमच्याकडे तोंडात ‘ळ’ फारसा टिकत नाही, त्याचा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, जवळ म्हणजे जवय, काळे आडनावाचा माणूस जन्मभर काये. बोलण्यात काही अडत नाही. पण लोक मोबाइलवर फॉर्म भरायला लागले आणि जसं बोलतात तसं टाइप करायला लागले. एकाच माणसाचं नाव एकदा काळे आणि एकदा काये असं येतं, गाव एकदा सोनाळा आणि एकदा सोनाया. यंत्राला वाटतं ही दोन माणसं, दोन गावं. यावर उपाय साधा आहे. तपासण्यापुरती दोन्ही नावं एकसारखी करायची. सगळ्या ‘ळ’चे ‘य’ करा किंवा सगळ्या ‘य’चे ‘ळ’ करा, आणि मग पडताळून पाहा. कुठल्याही दिशेनं केलं तरी चालतं, कारण ती बदललेली नावं कुणाला दाखवायची नसतात. मी तेव्हा शुद्धतेच्या झोकात होते, म्हणून सगळ्या ‘य’चे ‘ळ’ करायचं ठरवलं. म्हटलं, होऊ दे सगळा जिल्हा एकदाचा शुद्ध.

कोडमधल्या अशा एका कामाच्या तुकड्याला फंक्शन म्हणतात. त्याच्या आत, दोन तिरप्या रेघांपुढे, कडक शब्दांत सूचना घातली: ‘छापण्याच्या अंतिम यादीसाठी सर्वत्र हेच फंक्शन वापरायचे नाही.’

त्यानंतर काही महिन्यांनी सविता तायडेचा फोन आला.

सविता मूळची पिंपळगाव राजाची. बी.एस्सी. करून सोनाळ्याच्या एका शाळेत संगणक कक्ष सांभाळत होती, दर वर्षी नव्यानं होणाऱ्या करारावर. माझ्या जुन्या चिटोऱ्यांवर ती प्रोग्रामिंग शिकली होती आणि तसं तिनं मला पूर्वी एकदा लिहूनही कळवलं होतं. तो संदेश मी बऱ्याच जणांना दाखवला होता. आता तिचा आवाज बसलेला होता.

“मॅडम, शाळेचा जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. नावं ऑनलाइन भरून घेतली, डबल नावं लय झालीत म्हनून तुमचं ते ळवालं चिटोरं वापरलं. आता गावात फ्लेक्स लागला आहे. सन्मानपत्रंबी छापून आलीत.”

“मग?”

“तुमाले फोटो धाडते.”

फोटो आला. एसटी स्टँडसमोरचा, चांगला दहा हात लांब फ्लेक्स. वर मोठ्या लाल अक्षरात: ‘माध्ळमिक विद्ळालळ, सोनाळा. माजी विद्ळार्थ्ळांचा स्नेहमेळावा.’ खाली सन्मानमूर्तींची नावं. संजळ. विजळ. जळश्री. सूर्ळकांत. संस्थेचे अध्यक्ष यशवंतराव काळे यांचा सत्काराचा हार गळ्यात घालून काढलेला फोटो आणि त्याखाली ‘मा. ळशवंतराव काळे’. सगळ्यात तळाशी, तिरंग्याच्या पट्टीवर: ‘जळ हिंद, जळ महाराष्ट्र.’

मला हसू आलं हे मी लपवत नाही. पण त्याच्या पाठोपाठ घामही आला.

“तू छापायच्या आधी पाहिलं नाहीस?”

“पाह्यलं ना. पयलं पान पाह्यलं. अनिल, अरुण, अशोक, बबन. ‘य’ कुठीच नव्हता. आन् जिथं काये होतं तिथं काळे झाल्तं, इंगयेचं इंगळे झाल्तं. मले वाटलं, वा, काय सुंदर काम केलं मॅडमनं. मजकूर आन् नावं, सारंच त्यातून काढलं आन् फ्लेक्सवाल्याले धाडलं.”

“आणि फ्लेक्सवाल्याला काही वाटलं नाही?”

“त्याले इचारलं मी. तो म्हन्ते, शायेचं काम आहे, मले वाटलं हे लय उच्च मराठी आसन.”

इथवर मी सविताच्या बाजूनं होते. पण मग माझ्यातली मावशी जागी झाली. मी तिला म्हटलं की कोड घेतलास तर आतली सूचना का नाही वाचलीस? मी तिथे स्पष्ट लिहून ठेवलंय. एवढं डोळ्यांत बोट घालून लिहिल्यावरही तुम्ही लोक वाचत नाही, मग मी तरी काय करायचं? बरंच बोलले.

“वाचलं ना मॅडम,” ती म्हणाली. “वाचूनच तं वापरलं. थांबा, पुन्हा फोटो धाडते.”

तिच्या मोबाइलवरचं माझंच पान होतं. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर कोडचा चौकोन उजवीकडे कापला जातो, पुढचं वाचायला तो चौकोन बोटानं सरकवावा लागतो. साध्या मजकुराची ओळ दुमडून खाली येते, कोडची येत नाही. आणि मराठीत वाक्याचा सगळा जीव शेवटच्या शब्दात असतो. तिच्या पडद्यावर माझी कडक सूचना अशी दिसत होती: ‘छापण्याच्या अंतिम यादीसाठी सर्वत्र हेच फंक्शन वापरायचे’.

‘नाही’ पडद्याबाहेर राहिलं होतं.

जगभरच्या प्रोग्रामरनी इंग्रजीत सूचना लिहिल्या, त्यांचं ‘करू नका’ वाक्याच्या तोंडाशीच येतं. मी शुद्ध मराठीची हौस भागवायला गेले आणि मनाई करायच्या जागी हुकूम सोडून बसले.

“मॅडम,” सविता म्हणाली, “परवा समितीची बैठक आहे. सचिव बापूसाहेब म्हन्ते का जिले ‘विद्यालय’ लिहिता येत नाही तिले शायेत कायले ठेवा. त्याईचा भाचा तयारच आहे. हे काम गेलं तं मले पिंपयगावले भावाकडं वापस जा लागन. भाऊ काही म्हन्त नाही, पन वहिनीनं माह्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलं आहे. मले त्या घरी जाचं नाही, मॅडम. मले हेच काम कराचं आहे.”

मी तिला म्हटलं, मी येते.

शेगावला गाडी बदलून, संग्रामपूरमार्गे सोनाळ्याला पोचेपर्यंत मी मनात एक भाषण तयार केलं होतं. सगळा दोष मी कसा स्वतःच्या अंगावर घेणार, समिती कशी थक्क होणार, सविताच्या डोळ्यांत कसं पाणी येणार. संत्र्याचे बगीचे मागे गेले तसं भाषण लांबत गेलं. एसटी स्टँडवर उतरले तर फ्लेक्स अजून तिथेच होता. त्याच्याखाली दोन म्हातारे उभे होते. एकानं तळाची ओळ वाचली आणि दुसऱ्याला विचारलं, “जळ महाराष्ट्र? कोनाले म्हनून राह्यला हा, जळ म्हनून?” दुसरा म्हणाला, “अकोल्यावाल्यायले आसन.” मी मान खाली घालून पुढे गेले.

मुख्याध्यापकांच्या खोलीत समिती बसली होती. अध्यक्ष यशवंतराव म्हणजे पांढरं धोतर, जाड काचांचा चष्मा आणि मोठा आवाज. शेजारी सचिव बापूसाहेब, इस्त्रीचा सफारी घालून, समोर सन्मानपत्रांचा गठ्ठा. सविता दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. मी माझी ओळख करून दिली आणि भाषण सुरू केलं. अक्षरांचे संकेतांक, शोध आणि छपाई यांतला फरक, दोन तिरप्या रेघा. कुणाच्याही चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मी दोष अंगावर घेण्याच्या भागाशी आले, तेव्हा बापूसाहेब मध्येच म्हणाले, “ते ठीक आहे ताई, पण तुम्ही कोण? आमच्या संस्थेशी तुमचा संबंध काय?”

हा प्रश्न मी भाषणात धरलाच नव्हता. माझा संबंध असा काहीच नव्हता. मी एका फुकट पानाची लेखिका होते, जिचं लिहिलेलं वाचून त्यांच्या अध्यक्षांचं नाव ळशवंतराव झालं होतं.

“याईचं लिहिलेलं मी वापरलं,” सविता उठून म्हणाली. “आन् तपासाचं काम माह्यं होतं, ते मी पुरं नाही केलं, हे खरं आहे. पन मी न वाचता नाही केलं. मी वाचलं तसं केलं. तुम्हीबी वाचून पाहा.”

तिनं मोबाइल यशवंतरावांसमोर धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मोठ्यानं वाचलं, “छापन्याच्या अंतिम यादीसाठी सर्वत्र हेच फंक्शन वापराचे.” मान वर केली. “मंग? बरोबरच तं केलं पोरीनं.”

“आता बोट लावून डावीकडं सरकवा.”

त्यांनी सरकवलं. ‘नाही’ आत आलं. त्यांनी उलटं सरकवलं, ‘नाही’ गेलं. पुन्हा सरकवलं, आलं. मग मोबाइल शेजाऱ्याकडे दिला. खोलीतल्या प्रत्येकानं ते ‘नाही’ एकदा बाहेर घालवलं आणि एकदा आत आणलं. मुख्याध्यापकांनी दोनदा. बापूसाहेबांनी मोबाइल हातात घेतला नाही.

यशवंतराव माझ्याकडे वळले. “हे तुम्ही लिवलं?”

“हो.”

“खामगावच्याच ना तुम्ही?”

“हो.”

“मंग असं काऊन लिवलं, बाई? आपल्याकडं कोनाले आडवाचं आसन तं पयले ‘नको’ म्हन्तेत. ‘नको जाऊ रे तिकडं, हीर आहे.’ तुम्ही म्हनान, ‘सदर विहिरीच्या दिशेने पुढे जायचे’, आन् तुमचं ‘नाही’ येईपर्यंत मानूस हिरीत पडला ना!”

खोली हसली. मीही हसले, पण माझे कान तापले होते. पुण्याच्या बैठकीत तापले होते तसे नाही. तिथे मला माझ्या बोलीची लाज वाटली होती, इथे ती सोडल्याची वाटली.

“पयले मॅडम तसंच लिहीत होत्या,” सविता हळूच म्हणाली. “जुन्या पानावर सारीकडं ‘नका वापरू’, ‘नका काढू’ असंच होतं. मी तेच वाचून शिकली. मंग एका दिवाळीनंतर सारं बदललं. मले वाटलं, दुसरं कोनी लिहून राह्यलं आता.”

या वाक्यानं माझं उरलंसुरलं भाषण संपलं.

यशवंतरावांनी गठ्ठ्यातलं स्वतःच्या नावाचं सन्मानपत्र काढलं आणि लांब धरून पाहिलं. “गावानं मले जन्मभर येशोंत काये म्हटलं. ‘ळ’ काही भेटला नाही. आता पोरीनं देला, तं नावाच्या दोन्ही टोकाले देला.” पण हसू ओसरल्यावर ते पुन्हा अध्यक्ष झाले. मेळाव्याच्या आधी सगळी सन्मानपत्रं नीट झाली पाहिजेत, फ्लेक्स उतरला पाहिजे, आणि सविताच्या नोकरीचं काय ते मेळाव्यानंतरच्या बैठकीत ठरेल. बापूसाहेबांनी ते लगेच टिपून घेतलं. आम्हाला दोघींना बाहेर पाठवण्यात आलं.

मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत संगणक कक्षात सविताशेजारी बसले. लोकांनी भरलेली मूळ नावं शाबूत होती, त्यामुळे सगळी नव्यानं काढता आली. पण या वेळी आम्ही यंत्रावर भरवसा ठेवला नाही. तिनं एकेक नाव मोठ्यानं वाचायचं आणि मी ऐकायचं. संजय. विजय. जयश्री. सूर्यकांत. एखादी वऱ्हाडी बाई ‘य’ ऐकून इतकी सुखावली असेल असं मला वाटत नाही. मध्येच तिनं विचारलं, “मॅडम, समजा नाही ठेवलं मले, तं तुमच्याकडं काही काम राहीन का?” मी म्हटलं पाहू. माझ्याकडे काही नव्हतं. पुण्याच्या कंपनीनं माझंच काम कमी करत आणलं होतं. नवी मुलं आता चिटोरी शोधत नाहीत, एआयच्या यंत्राला विचारतात आणि यंत्र सांगतं. मागे एकानं असं यंत्राकडून आलेलं उत्तर मला शंका म्हणून पाठवलं. आत नमुन्याचं नाव होतं गोदावरी. म्हणजे माझंही कुणीतरी उचललंय, आणि तेही टीप न घेता. हे मी सविताला सांगितलं नाही.

मेळावा व्यवस्थित झाला असं तिनं कळवलं. मग बैठकीचा दिवस आला. मी स्वयंपाकघरात पापड भाजत होते आणि मोबाइल डब्यांच्या फळीवर उभा करून ठेवला होता. दुपारी पडदा उजळला. सवितानं पुढे पाठवलेला समितीचा ठराव. उघडण्याआधी मोबाइल जेवढा तुकडा दाखवतो तेवढाच दिसत होता:

‘श्रीमती सविता तायडे यांना पुढील वर्षी संगणक कक्षात कायम ठेवण्यास समितीची हरकत’

मी पापड जाळला. समितीची हरकत. गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. त्या घरचं स्थळ, पिंपळगावची वाट, भावाच्या घरातली खोली, सगळं डोळ्यांपुढे आलं. एका शब्दापायी मी एका मुलीचं काम घालवलं होतं. मला रडू येत होतं, आणि सासूबाई विचारत होत्या की काय जळून राह्यलं.

मग संदेश उघडला. पुढची ओळ एका शब्दाची होती. ‘नाही.’

मी तिथूनच सविताला फोन लावला. अभिनंदन वगैरे राहिलं बाजूला. “पोरी, माहा जीव गेला होता ना! ‘नाही’ पयले लिहाले काय झालं होतं तुमच्या लोकायले?”

सविता हसत होती, आणि हसता हसता रडतही होती बहुतेक.

“ठराव बापूसाहेबायनं लिवला, मॅडम,” ती म्हणाली. “त्याईच्या हातून ते ‘नाही’ निघालेच लय येळ लागला.”